पहिल्या ठिगळाचे नाव

धुरपताबाईंनी पिशवीतून ओल्या गोणपाटाची गुंडाळी काढली आणि माझ्या टेबलावर, थेट कागदांवरच, उलगडली. आत ज्वारीचे कोंब होते. पांढरी मुळे, पोपटी टोके, दहा-दहाच्या सरळ ओळी. गोणपाटाचे पाणी माझ्या वहीच्या कडेला लागले तेव्हा मी वही उचलली. त्यांनी तिकडे लक्ष दिले नाही. एकेका ओळीवर बोट टेकवत त्या मोजू लागल्या.

"लाभ... दोन... तीन... चार..."

नऊ ओळी पुऱ्या भरल्या. दहाव्या ओळीत एकच कोंब उभा होता, बाकीचे दाणे तसेच पडून होते.

"नऊ वळी आन् वर येक. शंभरात एक्याण्णव," त्या म्हणाल्या. "आता तुमच्या मशिनीला इचारा, ती काय म्हणायली."

मशीन काय म्हणाले होते ते त्यांच्या हातातल्या पत्रावर छापलेले होते. उगवण ७३.६ टक्के. किमान मर्यादा ७५. बियाणे नापास.

आमच्या गोदाकाठ बीजोत्पादक संघात दर बियाण्याचे एक कार्ड असे. प्रयोगशाळेत ओल्या कागदाच्या चार गुंडाळ्यांत शंभर-शंभर दाणे ठेवायचे, दहाव्या दिवशी नीट उगवलेले मोजायचे आणि आकडे हाताने कार्डावर लिहायचे. मी धुरपताबाईंचे कार्ड शोधून काढले. त्र्याण्णव, नव्वद, चौऱ्याण्णव, एक्याण्णव. बेरीज तीनशे अडुसष्ट. चारशेपैकी तीनशे अडुसष्ट म्हणजे ब्याण्णव टक्के. मी पेन्सिलने भागाकार केला, मग पुन्हा एकदा केला.

"बाई, तुमचा भागाकार बराबर हाय का?"

"माझा बरोबर आहे."

"मंग चुकलं कोन?"

मी दोन दिवस मागून घेतले. त्यांनी गोणपाट पुन्हा गुंडाळले, थोडा विचार केला आणि ते माझ्याच टेबलावर ठेवले. "ऱ्हाऊ द्या इथं. पानी मारत जा. मेलं तर म्हनाल, उगवलंच नव्हतं."

ती २५ जानेवारी १९९४ची दुपार होती. चारच दिवसांपूर्वी आम्ही अठ्ठावन्न शेतकऱ्यांना निकालाची पत्रे पाठवली होती. त्यांतली एक्केचाळीस नापासाची होती. इतकी नापासाची पत्रे घड्या घालताना मला शंका यायला हवी होती. पण त्या साली ज्वारी काढणीच्या वेळी पाऊस झाला होता, आणि पाऊस हे कारण हाताशी असले की माणूस दुसरे शोधत नाही.

संघाची तीन केंद्रे होती: परभणी, सेलू आणि सोनपेठ. प्रत्येक ठिकाणी एक संगणक आणि तो चालवणारे एक माणूस. परभणीला मी. सोनपेठला सूर्यभान. सेलूला गंगम्मा, जी नुकतीच बी.एस्सी. होऊन सहा-सहा महिन्यांच्या नेमणुकीवर आली होती. उगवणीचा हिशोब करणारा प्रोग्रॅम तिन्ही ठिकाणी एकच होता आणि त्याची मूळ प्रत माझ्याकडे असे.

त्या प्रोग्रॅमच्या प्रत्येक ओळीला क्रमांक होता. एखादी ओळ बदलायची तर सगळा प्रोग्रॅम पाठवायची गरज नव्हती. बदललेल्या ओळी तेवढ्या एका छोट्या फाईलीत लिहायच्या आणि फ्लॉपीवर पाठवायच्या. ती फाईल मूळ प्रतीत मिसळली की १२४० क्रमांकाची जुनी ओळ जाई आणि तिथे नवी १२४० बसे. गोधडीला लावतात तसे हे ठिगळ, म्हणून आम्ही त्या फाईलींना ठिगळच म्हणायचो. फ्लॉपी पत्र्याच्या चपट्या डब्यात घालून एस.टी.च्या कंडक्टरकडे द्यायची. तो परभणीच्या स्टँडवर ती चौकशीच्या खिडकीत ठेवत असे.

सुरुवातीला ठिगळांची नावे ज्याला जी सुचतील ती असत. गंगम्माच्या आधी सेलूला जे गृहस्थ होते ते 'नवे', 'नवे२', 'शेवटचे' आणि मग 'शेवटचे२' अशी नावे ठेवत. सूर्यभान ज्या मनःस्थितीत असेल ते नाव देई. त्याच्या एका फाईलीचे नाव 'वैताग' होते. तीन महिन्यांनी त्याच नावाची दुसरी फाईल आली आणि पहिली पुसली गेली.

तेव्हा मी नियम केला. त्या संगणकावर फाईलीच्या नावाला आठच अक्षरे मिळत, तीही रोमन. पहिली दोन केंद्राची, पुढची दोन माणसाच्या नावाची, मग दोन आकडे त्या महिन्यातल्या अनुक्रमाचे आणि शेवटचे दोन महिन्याचे. सेलूच्या गंगम्माचे जानेवारीतले दुसरे ठिगळ म्हणजे SEGA0201. एका नजरेत सगळे कळावे. एकदा क्रमांक दिलेले ठिगळ मागे घ्यायचे नाही, ते चुकले असेल तर पुढच्या क्रमांकाचे ठिगळ पाठवून दुरुस्त करायचे, हेही त्यात होते. तो कागद मी टाईप करून दोन्ही केंद्रांना पाठवला. एक पानाचा होता. मला त्याचा थोडा अभिमानही होता.

आता त्या दुपारी मी प्रोग्रॅम उघडून १२४० ही ओळ पडद्यावर आणली. टक्केवारीचा भागाकार तिथेच होता. उगवलेले दाणे भागिले पाचशे.

पाचशे. आम्ही दाणे लावतो चारशे.

म्हणजे प्रत्येक निकाल पाचव्या हिश्शाने घटला होता. ब्याण्णवचे झाले होते ७३.६. हा आकडा विचित्र दिसत नाही, हीच त्यातली वाईट गोष्ट. उगवण एकशे साठ टक्के आली असती तर कुणीही ओरडले असते.

ही ओळ आली कुठून ते शोधायला मला दहा मिनिटे लागली. जानेवारीच्या ठिगळांची यादी मी पडद्यावर मागवली. तिच्यात गंगम्माची तीन नावे एकाखाली एक होती:

SEGA0201
SEGA0301
SEGALABH

तिसरे नाव बघून मी खुर्चीत मागे टेकले. पाचशेचा भागाकार त्यातच होता.

या वर्षी सगळी ठिगळे एकाच दिवशी लावली गेली होती. एरवी ती एकेक येत आणि मी हाताने एकेक लावत असे. पण चौदा जानेवारीला मराठवाडा विद्यापीठाच्या नावाचा निर्णय जाहीर झाला आणि आमच्या भागात बसगाड्या पाच-सहा दिवस थांबल्या. त्या सुरू झाल्या तेव्हा सगळे डबे एकदम आले. सोनपेठच्या डब्यात फ्लॉपीबरोबर कागदात बांधलेला तिळगूळ होता आणि सूर्यभानची चिठ्ठी: 'बाई, तुमच्या नियमानं आठ अक्षरांत नाव बसतं. आमाला सोळा वर्षं लागली. गोड बोला.' मी तिळगूळ खाल्ला, चिठ्ठी वहीत ठेवली आणि सगळी ठिगळे एका जागी उतरवून घेतली. ती नावाच्या क्रमाने एकामागून एक लावणारा एक छोटा प्रोग्रॅम मी दिवाळीतच लिहून ठेवला होता. तो पहिल्यांदाच वापरला. संगणकाच्या क्रमात आकडे आधी येतात, अक्षरे नंतर. त्यामुळे गंगम्माचे ते LABH, म्हणजे खरे तर पहिले ठिगळ, तिच्या तिन्हींत शेवटी लागले आणि तिने स्वतः केलेली दुरुस्ती त्याच्याखाली झाकली गेली.

आबासाहेब संघाचे अध्यक्ष होते. सेलू तालुक्यात त्यांची मोठी शेती होती आणि आवाजही शेतावरचाच होता. मी त्यांना सांगायला गेले तेव्हा त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "कुणाचं ठिगळ?"

"चूक एका ठिगळाची नाही. ती ज्या क्रमाने लागली—"

"मॅडम, सोमवारी बैठक आहे. लोक येणार. त्यांना मी काय सांगू, क्रम चुकला? क्रम काय आपसूक चुकतो का? मला नाव द्या." त्यांनी माझ्या हातातला यादीचा कागद घेतला आणि चष्मा लावला. "हे काय, जी ए? गंगम्माच ना? तुमीच तर नियम केला. नावातच नाव."

मी कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"सोमवारीच तिची मुदत संपायलीय," ते म्हणाले. रागाने नाही, एखादी अडचण आपोआप सुटल्यासारखे. "पुढचे सहा महिने द्यायचे का न्हाई ते बैठकीतच ठरतं. आमच्या साडूच्या पोराचा अर्ज पडून हाय माझ्याकडं सहा महिन्यांपासून. तुमी फक्त अहवाल लिहा. खोटं काय लिहू नका. फाईलीचं नाव लिहा, बस."

आणि खरेच, खोटे काहीच लिहावे लागले नसते. सेलू केंद्राच्या SEGALABH या ठिगळात भाजक पाचशे असल्याने निकाल चुकले. एक वाक्य. त्यातला प्रत्येक शब्द खरा होता.

दुसऱ्या दिवशी सव्वीस जानेवारीची सुट्टी होती. सकाळच्या पॅसेंजरने मी सेलूला गेले. झेंडावंदन उरकून गंगम्मा घरी आलेली होती. मोंढ्याच्या मागच्या बाजूला त्यांचे दोन खोल्यांचे घर. ओट्यावर तिचे वडील बसप्पा गुडघ्यांना तेल चोळत बसले होते. चाळीस वर्षे त्यांनी सेलूच्या मोंढ्यात मापाडी म्हणून धान्य मोजले होते. आता गुडघे वाकत नव्हते आणि घर गंगम्माच्या नोकरीवर चालले होते.

मला पाहून गंगम्माने आधी पाणी आणले आणि मग माझ्या तोंडाकडे पाहिले. "काय झालं, ताई?"

मी सांगितले. ती उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. पाचशेचा आकडा ऐकताच म्हणाली, "ते तर मी दुरुस्त केलं होतं. दोन नंबरात."

"माहीत आहे. पण पाचशे आले कसे?"

"आमच्याकडं डिसेंबरात गुंडाळ्यांना बुरशी लागायली होती. म्हणून मी पाच लावायले. एखादी खराब झाली तरी चार ऱ्हातात. त्याच्यासाठी पाचशेनं भागलं. मग तुमचा फोन आला, बाकी ठिकाणी चारच हायत. म्हणून दोन नंबरात लिहिलं, कार्डावर जितके दाणे तितक्यानं भागा. पहिलं मागं घेता येत न्हाई, तुमचाच नियम. म्हणून तिन्ही पाठवले. मग उलटं कसं लागलं?"

"तुझ्या पहिल्याला आकडा नाही. लाभ आहे."

"पहिल्याला लाभच म्हणतेत की," ओट्यावरून बसप्पा म्हणाले. त्यांना आमचे बोलणे कळत नव्हते, पण हे वाक्य त्यांच्या ओळखीचे होते. "पहिल्या मापाला येक म्हणलं की बाई, रास तिथंच आटोपती. मारवाडी यापारी असला तर लाभ म्हणायचं, मुसलमान असला तर बरकत. मंग दोन. मंग तीन. चाळीस वर्षांत ह्या तोंडानं धान्याला येक म्हणलं न्हाई."

"अण्णा, ते धान्य न्हाई हो," गंगम्मा म्हणाली.

"बियाचंच हाय म्हणलीस ना तू?"

"बियाचंच हाय, पण..." तिने माझ्याकडे पाहिले. "लहानपणी मी अण्णांसोबत मोंढ्यात बसायचे. ते माप टाकायचे आणि मी खडूनं रेघा मारायचे. ताई, खरं सांगते, विचार करून न्हाई लिहिलं. हात तसाच चालला. तुमच्या कागदावर लिहिलं होतं, अनुक्रम द्यावा. माझा अनुक्रम असाच हाय. लाभ, दोन, तीन. आणि LABH ही बरोबर चार अक्षरं बसली, मला वाटलं चांगलंच झालं."

"महिन्याचे आकडे गेले त्यात."

"तेव्हा ध्यानात न्हाई आलं."

ती तिथेच उंबऱ्यावर बसली. तिने विचारले, "किती जणांना पत्रं गेली?"

"एक्केचाळीस. त्यांतले सहा खरेच नापास आहेत. पस्तीस चुकीचे."

"पस्तीस," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, वडिलांना ऐकू जाऊ नये असा, "माझंच चुकलं म्हणून लिहा ताई. ते साडूच्या पोराचं मला ठाऊक हाय. मुदत वाढणार न्हाईच. निदान तुमच्यावर नको."

"काय म्हणायलीस?" बसप्पांनी विचारले.

"काय न्हाई अण्णा. चहा ठेवते."

परतीच्या गाडीत मला खिडकीची जागा मिळाली, आणि मानवत रोडपर्यंत मी ज्या गोष्टीकडे पाहायचे टाळत होते ती डोळ्यांसमोर आली.

गंगम्माने ते नाव जानेवारीत पहिल्यांदा दिलेले नव्हते. ऑक्टोबरात तिचे पहिले ठिगळ आले तेव्हाही ते SEGALABH होते. पडद्यावर ते पाहून मी हसले होते. माझे वडील शाळामास्तर, पण घरी ज्वारी मोजून घेताना तेही पहिल्या पायलीला लाभच म्हणत. मला ते नाव आवडले होते. आपल्या रूक्ष आठ अक्षरांत हे कुठून आले, असे वाटले होते. पुढच्या खेपेला सांगू, असेही वाटले होते. नोव्हेंबरात पुन्हा आले, मी सांगितले नाही. डिसेंबरात आले तोवर ते ओळखीचे झाले होते. आणि याच तीन महिन्यांत, दिवाळीच्या सुट्टीत, नावांच्या क्रमावर विसंबणारा प्रोग्रॅम मी लिहिला होता. एक नाव नियमात बसत नाही हे मला माहीत असताना.

गंगम्माचा हात सवयीने चालला. माझे डोळे उघडे होते.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी कार्यालयात बसून मी अहवाल लिहिला. तीन वेळा लिहिला. पहिल्या खर्ड्यात सगळा दोष माझा होता. तो वाचून मलाच खोटा वाटला, कारण पाचशेचा आकडा मी लिहिला नव्हता. दुसऱ्यात दोष अर्धा-अर्धा होता आणि तो एखाद्या वाटणीपत्रासारखा दिसत होता. तिसऱ्यात मी फक्त घडले ते तारखांसह लिहिले. ऑक्टोबरची तारीखही लिहिली.

सोमवारी सेलूला बैठकीसाठी तीसेक शेतकरी आले होते. धुरपताबाई पुढच्याच रांगेत होत्या. बायकांपैकी त्या एकट्याच. गंगम्मा भिंतीकडेच्या बाकावर होती, मांडीवर पर्स घट्ट धरून. मी उभी राहिले आणि वाचले. फार तर चार मिनिटे लागली. ऑक्टोबरच्या ओळीशी आले तेव्हा माझा आवाज बारीक झाला, म्हणून ती ओळ मी पुन्हा वाचली.

आबासाहेबांनी खुर्ची पुढे ओढली. "ते सगळं ठीक हाय मॅडम. पण त्या पोरीनं आकड्याच्या जागी लाभ लिहिलं, हे खरं का खोटं?"

"खरं."

"मग झालं तर. शिकलेली पोरगी, काम्पुटरवर बसायली, आणि लाभ लिहिती."

"आबासाहेब," मी म्हणाले, "तुम्ही खळ्यावर पहिल्या मापाला काय म्हणता?"

ते काही बोलायच्या आत धुरपताबाई म्हणाल्या, "ते काय म्हनतील! गेल्या चैत्रात माझ्यादेखत यवडा मोठा लाभ म्हणले की बैल बुजले."

सगळी खोली हसली. आबासाहेबांनाही हसू आवरता आले नाही. पण ते लवकरच गंभीर झाले. "खळं येगळं, हापिस येगळं."

"मलाही तेच वाटायचं," मी म्हणाले. "म्हणूनच नियमात मी सांगितलं नाही की एकपासून सुरू करा. मला वाटलं हे काय सांगायचं. आणि ती सांगत होती तेव्हा मी ऐकलं नाही. तीन महिने दर महिन्याला ती मला लिहून सांगत होती."

मागच्या रांगेतून चंद्रभान उठले. देवगाव फाट्याकडचे, कमी बोलणारे गृहस्थ. हसणे थांबले. "माझं पत्र मागल्या सोमवारी आलं," ते म्हणाले. "नापास म्हणल्यावर घरात ठेवून काय करू, मंगळवारी मोंढ्यात टाकली. बियाची ज्वारी खायाच्या भावात गेली. आता पीठ बी झालं आसंल तिचं. हे कुणाच्या नावावर लिहायलाव?"

आबासाहेबांनी माझ्याकडे पाहिले. बाकावर गंगम्मा उठायला लागली होती. मी तिच्याकडे पाहिले नाही.

"माझ्या," मी म्हणाले.

चंद्रभान काही क्षण उभेच राहिले. त्यांना भांडायचे होते, आणि समोर कुणी भांडायला नव्हते. "दोन महिने राखण केली व्हती पाखरांची," ते एवढेच म्हणाले आणि खाली बसले.

बैठक संपताना तीन गोष्टी ठरल्या. पस्तीस जणांना नवी पत्रे जावीत. माझ्या सेवापुस्तकात निष्काळजीपणाची नोंद व्हावी. तिसरी गोष्ट आबासाहेबांनी कागद आवरत, कुणाकडेही न बघता सांगितली: सेलूच्या बाईंना पुढचे सहा महिने. साडूच्या मुलाचा अर्ज खणातच राहिला. का, ते मला नक्की ठाऊक नाही. बैल बुजल्याचे बोलणे आता तालुकाभर होणार हे त्यांना दिसत होते, म्हणून त्यांना ते जमले नसावे. किंवा माझे नाव मिळाल्यावर त्यांचे काम भागले असेल.

जिन्यात गंगम्माने मला गाठले. ती रागावलेली होती. "तुमी माझं नाव घेतलंच न्हाई ताई."

"घेतलं. तारखेसह आहे अहवालात."

"पण चंद्रभानकाकांच्या ज्वारीला न्हाई घेतलं. अर्धी तरी माझी होती." तिचे डोळे भरून आले होते आणि त्याचाही तिला राग येत होता.

"पुढच्या वेळी घे अर्धी," मी म्हणाले. ते तिला हसवायला म्हटले होते. ती हसली नाही, पण माझ्यासोबत स्टँडपर्यंत चालत आली आणि पत्ते लिहायला दोन दिवस परभणीला येऊन बसली. धुरपताबाईंचे पत्र तिनेच लिहिले. उगवण ९२ टक्के, पास. गोणपाटातले कोंब तोवर वीतभर झाले होते. त्यांना पाणी मारायचे मी विसरले नव्हते.

फेब्रुवारीत मी नवा नियम केला. आठ अक्षरांतून माणसाचे नाव काढून टाकले. आता दोन अक्षरे केंद्राची, चार आकडे बदललेल्या ओळीचे, दोन अनुक्रमाचे. सेलूने १२४० ही ओळ पहिल्यांदा बदलली तर SE124001, पुन्हा बदलली तर SE124002. एकाच ओळीवर दोन ठिगळे असतील तर ती यादीत एकाखाली एक येतात आणि डोळ्यांना लगेच टोचतात. ठिगळ कुणी शिवले ते फाईलीच्या आत, पहिल्या ओळीत लिहायचे. विचारायचे असेल त्याने फाईल उघडावी आणि वाचावी. बाहेरून नुसते बोट दाखवता येऊ नये. शेवटी लिहिले: अनुक्रम ०१ पासून सुरू करावा. आणि जे नाव या नियमात बसत नाही ते दिसताच माझा प्रोग्रॅम आता थांबतो आणि विचारतो.

नियमाचा खर्डा मी आधी दोघांनाही पाठवला. सूर्यभानने उत्तर दिले, 'चालतंय. पण वैताग कुठं लिहायचा ते सांगा.' गंगम्माने काहीच कळवले नाही.

महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तिची फ्लॉपी आली. नाव अगदी नियमाप्रमाणे होते. संध्याकाळी तिचा फोन आला, फ्लॉपी पोचली का विचारायला.

"पोचली. ०१ लिहिलंस."

"लिहिलं. हाताला लय जड गेलं ताई."

"आणि लिहिताना तोंडानं काय म्हणालीस?"

तिच्या मागे कुठेतरी कापसाच्या जिनिंगचा भोंगा वाजत होता.

"ते तुमच्या नियमात येतं का?"

"नाही."

"मग ऱ्हाऊ द्या," गंगम्मा म्हणाली आणि तिने फोन ठेवला.